ढवळीच्या मागं

"सारं खोटं हाय! खरी बकरी पाणी दाखवती व्हय?" मी वरडलो.

गोष्टीच्या पुस्तकावरचा कार्टूनचा पिक्चर काल शाळेत साऱ्या गावानं बघितला. मास्तर म्हणले, पुस्तकच बरं होतं. आई म्हणली, रंग लई ग्वाड. आमच्या धाकल्या सृष्टीचं मात्र सकाळपासून एकच चालू, बकरीच्या मागं गेलं की नदी सापडती.

बाप बिडी विझवत म्हणला, "खोटं काय त्यात? दुष्काळात माझा बाप असंच करायचा. म्होरकी बकरी मोकळी सोडायची अन् मागं चालायचं. तिला पाणी बरोब्बर ठावं असतं."

"बघ दादा! आबाला बी पटला पिक्चर," सृष्टी बापाकडं बोट करून म्हणली.

"खड्ड्यात गेला तुझा पिक्चर," म्हणून मी टँकरच्या लाईनीत गेलो.

आत्ता घागर घेऊन आलो तर खुंट्याला नुसतं दावं. आमची म्होरकी ढवळी नाय, सृष्टी नाय, तिची कळशी बी नाय. बाप खुंट्याजवळ सृष्टीला हाका मारत उभा.

ढवळीला लहानपणापासून एकच वढा ठावा. तो बुजवून त्याच्यावरून आता बिडकीनकडचा सहापदरी रोड गेलाय. तिथं ट्रक कुणासाठी थांबत नाय.

मला निघायला पायजे.