तांबड्या मातीवरचं पान

मंगळावरच्या कलाशाळेत परीक्षेला फक्त इथलेच रंग चालायचे: तांबडी माती, काजळी आणि पांढरी भुकटी. कुणाकडे पृथ्वीवरच्या रंगाची ट्यूब सापडली, तर शाळेतून नाव कमी होत असे. विषय मात्र होता ‘पिंपळाचं पान’.

शाल्मलीच्या चित्रापाशी डोईफोडे सर थबकले. लालभडक मातीवर तिचं पान चक्क हिरवी झाक मारत होतं.

“हिरवा कुठून आणलास?” त्यांचा आवाज चढला.

“आणला नाही, सर. काजळीत भुकटी कालवलीय.”

“मला डोळे आहेत!”

“तेच फसलेत.”

शाल्मलीने कोऱ्या कागदाला भोक पाडून तो चित्रावर ठेवला. भोवतालचा लाल झाकला गेला आणि भोकातून दिसला नुसता राखाडी. कागद उचलताच पान पुन्हा हिरवं झालं.

“तुम्हीच शिकवलंत, सर. शेजारी लाल असला की राखाडी हिरवा भासतो.”

सरांनी कागद स्वतः ठेवून पाहिला, उचलून पाहिला, आणि खो खो हसत सुटले. “पास! अजून काय हवं?”

शाल्मलीने काचेबाहेर बोट दाखवलं. क्षितिजापर्यंत तांबडी जमीन पसरली होती.

“काजळी आणि भुकटी द्या, सर. भरपूर. जंगल काढायचंय.”