लाल दोऱ्याची गाठ

शुक्रवारी सकाळी अकराला प्रयोगशाळेत ताईचा प्रयोग पुन्हा फसला. टेबलावर प्रथिनाची प्रतिकृती होती: मण्यांची माळ, एकेक मणी म्हणजे एक अमिनो आम्ल. त्यातले दोन मणी एकमेकांना भिडतात, हे शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याने संगणकावर मोजून सांगितलं होतं. तिने हौसेने त्यांना लाल दोऱ्याने बांधलं होतं. प्रयोगात त्या दोनांपैकी एक आम्ल बदललं की खऱ्या प्रथिनाची घडी उलगडायला हवी होती; ती ढिम्म हलली नाही. “माझ्या हाताला गुणच नाही रे,” ती हसली. “सोमवारपासून टेबल दुसऱ्याला, सर म्हणाले.” त्याने मोजणी पुन्हा तपासली. ती प्रथिनाच्या स्फटिकावरून केलेली होती, आणि स्फटिकात अशा अनेक माळा खेटून बसतात; भिडणारा दुसरा मणी त्याच माळेतला नव्हता, शेजारच्या माळेतला होता. परीक्षानळीत तो शेजार नसतो. चूक त्याचीच होती. “काही सापडलं?” तिने विचारलं. “बघतोय,” म्हणत त्याने पडद्यावरची आकृती बंद केली. संध्याकाळी तिने माळ त्याला दिली. “तूच जुळवलेली जोडी, सांभाळ.” रविवार मावळलाय; ताईला त्याने अजून सांगितलेलं नाही, दोऱ्याची गाठ तशीच आहे.