भाजीचं पाणी

"आजार स्वयंपाकघरात जन्मतो आणि स्वयंपाकघरातच मरतो," सूनबाईंनी वॉर्डात जाहीर केलं. आवाज असा, की पलीकडच्या खाटेवरचे आजोबा उठून बसले. सूनबाईंचे स्वतःचे सासरे मात्र उठण्याच्या स्थितीत नव्हते. गेला आठवडाभर ते त्यांच्याच स्वयंपाकघरातलं जेवत होते.

सूनबाई न्यूट्रिशनिस्ट होत्या. तसं त्यांच्या दारावर, गाडीच्या काचेवर आणि हातातल्या थर्मासवर लिहिलेलं होतं. समोर उभ्या होत्या रुग्णालयाच्या डाएटिशियन. पद त्यांच्याही कोटाच्या खिशावर होतं. पण खिशातल्या पेनांआड गेल्यामुळे ते आजवर कुणी वाचलेलं नव्हतं.

"बाबांच्या किडन्या थकल्यात. मागच्या आठवड्यात घरी सोडताना मी काय सांगितलं होतं?" डाएटिशियननी विचारलं.

"भाजी चिरून भरपूर पाण्यात उकडा, पाणी फेका, भाजी द्या."

"मग?"

"उकडली. दिली."

"आणि पाणी?"

सूनबाई जरा घुटमळल्या. मग हनुवटी वर करून म्हणाल्या, "मॅडम, सगळं सत्त्व पाण्यात उतरतं. ते मोरीत ओतायला मन धजेना माझं. मिरपूड घालून सूप केलं. दोन्ही वेळा, ताजं." त्यांनी थर्मास पुढे केला. आजचंही आणलं होतं. "माझ्या वर्गातल्या बायका हेच पिऊन टुणटुणीत आहेत!"

"असणारच. किडन्या शाबूत आहेत त्यांच्या. धडधाकट माणसाला तुम्ही सांगता त्यात माझं काही म्हणणं नाही. बाबा धडधाकट असते, तर माझ्या वाट्याला कशाला आले असते?" डाएटिशियननी आवाज चढवला नाही, पण जागाही सोडली नाही. "त्या सत्त्वातलं पोटॅशियम यांच्या किडन्या बाहेर टाकत नाहीत. ते रक्तात साठलं. आज सकाळी हृदयाचे ठोके चुकायला लागले, ते त्यानं."

सूनबाईंनी सासऱ्यांच्या छातीला चिकटवलेल्या वायरींकडे पाहिलं.

"मी गाळून द्यायचे हो," त्या म्हणाल्या. आवाज पहिल्यांदाच खाटेपुरता झाला होता.

"माहीत आहे. कोपऱ्यात बेसिन आहे. ओता."

"अहो, पण सगळं सत्त्व आहे त्यात!"

"म्हणूनच."

"तुम्हीच ओता मग. माझ्याच्यानं नाही व्हायचं."

"परवा घरी सोडतील. तिथं मी नसेन." डाएटिशियननी दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले. "तुमच्याच हाताला सवय व्हायला हवी."

सूनबाई बेसिनपाशी गेल्या. थर्मासचं झाकण उघडायला त्यांना बराच वेळ लागला. मग त्यांनी तोंड फिरवलं आणि थर्मास उलटा केला. सगळा वॉर्ड बघत होता. शेवटचा थेंब जाईपर्यंत डाएटिशियन जागच्या हलल्या नाहीत.

इतका वेळ डोळे मिटून पडलेल्या सासऱ्यांनी बोटानं त्यांना जवळ बोलावलं. सून पाठमोरी आहे, याची खात्री करून घेतली. मग पुटपुटले,

"पोरी, एवढं केलंच आहेस, तर ती उकडलेली भाजीही बंद करता येते का बघ ना."