पाच कुलपांचं गोदाम

दार बाहेरून लागलं आणि वंदनाबाईंनी मांडीवरची पर्स घट्ट धरली.

"साठ मिनिटं," टीव्हीसमोर बसलेला प्रेम म्हणाला. खेळ त्याचाच. जालन्यात एका दुकानाच्या माळ्यावर त्यानं बियाण्यांचं खोटं गोदाम उभं केलं होतं. आत पाच कुलपं. पाचवं उघडलं की सुटका. "चित्र दिसंल, आवाज येणार न्हाई."

टीव्हीवर त्यांची लेक स्वरा आणि तिला बघायला आलेला स्वानंद दिसत होते. खरं तर हा मुलगी बघण्याचा कार्यक्रम. आधीच्या सहा स्थळांच्या वेळी स्वराला गच्चीवर पाच-पाच मिनिटं मिळाली होती, तीही जिन्यात कुणीतरी कान लावून बसलेलं असताना. म्हणून या वेळी जागा तिनं निवडली. बाहेर आल्याबरोबर उत्तर देते, म्हणाली. सहाही वेळा तिनं नाहीच म्हटलं होतं.

वंदनाबाईंना मात्र हा मुलगा मनापासून आवडला होता. सकाळी अंबडला घरी आला तेव्हा बिस्किट चहात पडलं, तर ते चमच्यानं काढून त्यानं मुकाट खाल्लं. असली माणसं भांडत नाहीत, असा त्यांचा अनुभव.

आत स्वानंद दिसेल ते उचलून बघत होता. स्वरा मधोमध नुसती उभी.

"घाबरली का काय पोरगी?" स्वानंदच्या वडिलांनी, पुंजारामभाऊंनी विचारलं.

"बघून घेतीय," वंदनाबाई म्हणाल्या. मोबाइलवर नवी लेव्हल आली की स्वरा अशीच बसायची. आधी डोळे चारी कोपऱ्यांत, मग बोट. पण हे त्या कशाला सांगतील?

पहिलं कुलूप पाच मिनिटांत गेलं. सापडलेली एकही वस्तू तिनं टाकली नाही. दोरीचा तुकडा, चुंबक, रिकामं पाकीट, सगळं ओढणीत. मग चुंबक दोरीला बांधून तिनं उभ्या पाइपात सोडलं आणि तळाची चावी अलगद वर काढली. तिसऱ्याला आकडे होते. चुकलेला आकडा तिनं पुन्हा म्हणून लावला नाही. पोत्यांवरचे रंग बोटांवर मोजले, आणि कुलूप हातात.

प्रेम खुर्चीतून उठलाच. "काकू, चुंबकापाशी लोक अर्धा-अर्धा तास अडकतेत!" असं म्हणत तो चहा सांगायला खाली गेला.

"कुठं शिकली हो हे?" पुंजारामभाऊ.

वंदनाबाईंनी खोटं बोलायचं ठरवलं होतं. पण टीव्हीवर लेकीचे हात असे चालत होते की त्यांना ते जमेना. "गेम खेळती. शाळेत असल्यापासून. लय ओरडले मी तिला."

"मंग बायोडाटात विणकाम लिवलंय ते?"

"ते मी करते."

पुंजारामभाऊ खो खो हसले. हसणं ओसरेपर्यंत चौथंही कुलूप उघडलं होतं. घड्याळात जेमतेम वीस मिनिटं झाली होती.

वंदनाबाईंना कौतुकही वाटलं आणि धस्सही झालं. एवढी घाई? पोरीला फक्त तिथून निघायचं होतं. म्हणजे हे सातवं स्थळही गेलं.

आणि पाचव्या कुलपाला गाडी अडली. दोघांनी पोती हलवली, फळ्या उचलल्या. चावी मिळेना. शेवटी दोघं पोत्यांवर बसली. कॅमेऱ्याकडे स्वराची पाठ. स्वानंद हातवारे करून काहीतरी सांगत होता. दहा मिनिटं गेली, वीस गेली. अंबडला सासूबाई फोनची वाट बघत असतील. त्यांना काय सांगायचं, याची वंदनाबाई जुळवाजुळव करायला लागल्या.

"हिंट देऊ का?" प्रेमनं वर येऊन घंटी दाबली. स्वरानं मागं न बघता हात वर केला. नको.

"मानी हाय," पुंजारामभाऊ कौतुकानं म्हणाले.

रागावलीय, असं वंदनाबाईंना वाटलं. लेकीची पाठ त्यांना वाचता यायची.

तासाची घंटा झाली. प्रेमनं दार उघडलं. दोघं डोळे बारीक करत बाहेर आली. वंदनाबाईंना विचारायचा धीर होईना. पुंजारामभाऊच म्हणाले, "चार कुलपं झटक्यात, अन् पाचव्यानं अडवलं व्हय पोरी? चावी गावलीच न्हाई?"

"तशी गावली होती काका," स्वरा ओढणी झटकत म्हणाली. "यांच्या खिशात आहे. विसाव्या मिनिटापासून."

स्वानंदच्या कानाच्या पाळ्या लालभडक झाल्या. "तुम्हाला तेव्हाच दिसलं होतं?"