आजाऱ्यांसाठी मागणी

"...आणि तुझी लेक फुलाबाई खाटेला खिळली आहे, बापा. तिच्यावर आपला हात ठेव, तिला उठव."

"आमेन," मंडळी म्हणाली.

फुलाबाईला गुरुवारीच माती दिली होती. भोरच्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक आनंदराव, त्यांनीच शास्त्र वाचून पेटीवर पहिली मूठ टाकली होती. आणि आज रविवारी तेच डोळे मिटून तिला बरं कर म्हणत होते! वर्षभर आजाऱ्यांच्या प्रार्थनेत तिचं नाव येत होतं. रोजच्या वाटेनं बैल आपणच गोठ्याकडे वळावेत, तसं जिभेचं झालं होतं.

बरं, एकट्या पाळकांना काय बोलायचं? ज्यांनी पेटीला खांदा दिला तीच माणसं आमेन म्हणाली. पारूबाईचा जीव घरी चुलीवरच्या कालवणात अडकला होता. संस्थानच्या कचेरीतला शिपाई कुंडलिक पेंगत होता, पण आमेन त्याचं बरोबर वेळेवर पडलं. फुलाबाईचा नवरा गेनू, तोही म्हणाला. म्हणून झाल्यावर त्यानं गुडघ्यावरची माशी हाकलली.

एकटी ठकुबाई म्हणाली नाही. ती फुलाबाईची आई. प्रार्थना चालू असतानाच ती उठून उभी राहिली.

"पाळकसाहेब, माजी फुली गेली न्हवं?"

आनंदरावांनी डोळे उघडले.

"गप ऱ्हावा की मावशी," कुंडलिक कुजबुजला. "पराथना चाललीया."

"चुकलो, मावशी," आनंदराव म्हणाले. "सवयीनं नाव आलं."

"ती जिती व्हती तवाबी सवयीनंच येत व्हतं का?"

पारूबाई दाराकडे बघून घेत होती.

"म्या घरी जाऊन तिला सांगायची," ठकुबाई म्हणाली. आवाज चढला नव्हता. बाजारातला भाव सांगावा तशी सांगत होती. "फुले, आज समद्यांनी तुज्यासाठी मागितलं. ती इचारायची, कोन कोन व्हतं? म्या एकेकाचं नाव घ्यायची. मग तिला जरा डोळा लागायचा. खरं सांगा, म्या लबाड बोलले का माज्या लेकीपाशी?"

समजुतीचं काहीतरी बोलून वेळ मारून नेणं आनंदरावांना अवघड नव्हतं. 'देवाची इच्छा' ओठावर आलीही होती. पण म्हातारी वाट बघत उभी होती. आपल्या आत काही हलतंय का, त्यांनी चाचपून पाहिलं. दुःख नव्हतं. लाजसुद्धा धड वाटत नव्हती. सगळं बधिर होतं, आणि त्याचीच त्यांना भीती वाटली.

"तोंडानं मागत होतो, मावशी," ते म्हणाले. "मन कधी निघून गेलं, कळलंच नाही."

गेनूनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. कुंडलिकही आता पुरता जागा झाला होता.

ठकुबाई खाली बसली, पदर सावरला.

"मग आता मनापासनं मागा."

"कुणासाठी मागू? फुलाबाई तर गेली."

ठकुबाईनं चटईवरून हात फिरवला, जावयापासून थेट दारापर्यंत.

"हे काय, समदी बसल्यात की हितं."