आवाज भरलेल्या वेली

"आप्पा, आपल्या काकड्या माझ्याच आवाजात का रडतात हो?"

हा प्रश्न विचारून दाखव, अशी पैज मैत्रिणींनी शाळेत लावली होती. चैतालीने तो पॉलीहाऊसच्या दारातच विचारून टाकला.

गावातली प्रत्येक वेल आता यंत्रामुळे बोलायची. भूक, तहान स्वतःच सांगायची. आवाज मात्र ज्याने त्याने आपल्या घरातला भरायचा.

आप्पा उपड्या बादलीवर बसले. "तू बालवाडीत होतीस तेव्हा भरला. वाटलं, तुझी बडबड ऐकत काम होईल."

मधल्या ओळीतल्या वेलींची खालची पानं पिवळीधमक झाली होती. पांढऱ्या माशीने आणलेल्या या विषाणूवर औषध नव्हतं. त्या वेली आजच उपटल्या नाहीत, तर बाकीचं पीकही जाणार होतं. पण आप्पांनी बुडाला हात घातला की वेल बोबड्या आवाजात म्हणायची, "आप्पा, भूक लागली." मग ते हात काढून मुकाट्याने खत सोडायचे. आठवडाभर हेच चाललं होतं.

"मग आवाज बंद करा ना!"

"केला होता गं," शेजारच्या ओळीत वेली बांधणारी आई दमून म्हणाली. "तर पोर गप्प का झाली, म्हणून यांचाच जीव खालीवर."

चैतालीने दप्तर खाली टाकलं आणि बाह्या वर सारल्या.

"तुम्ही दोघं घरी जाऊन चहा ठेवा. वेली मी उपटणार. माझ्या रडण्याला तुम्ही भुलता, मी नाही."