सोडून देऊन राहिली

रागिणीनं इंग्रजीचं पुस्तक संध्या मॅडमच्या टेबलावर परत ठेवलं. राजापेठेतला हा इंग्रजीचा क्लास आणि परवा होणारी नोकरीची मुलाखत, दोन्ही तिला नकोशी झाली होती. "गिव्ह म्हणजे देणं, अप म्हणजे वर, मंग गिव्ह अप म्हणजे सोडून देणं कसं? मले नाही जमत, मॅडम. मी सोडून देऊन राहिली." एरवी इंग्रजीतच बोलणाऱ्या मॅडम हसून तिच्याच बोलीत म्हणाल्या, "कोणाले देऊन राहिली? अन् राहिली कुठं?" रागिणी गोंधळली. "कोणालेच नाही. असंच बोलतो आपण!" "सोडणं, देणं, राहणं, तीन शब्द जोडून तू भलताच अर्थ काढला. इंग्रजांनी तर दोनच जोडले!"  आपली जी बोली विसरायला रागिणी इथं आली होती, तीच मॅडमनी कामाला लावली. तिनं टेबलाकडे हात नेला. "काय करून राहिली?" मॅडमनी विचारलं. पुस्तक उचलत ती म्हणाली, "पिक अप करून राहिली!"